आतड्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला उन्हाळा: पाणी, मीठ आणि मापाचा मग

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहता, आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर पिशवी आहे किंवा ती काढून आतडं नुकतंच पुन्हा जोडलंय, आणि समोर मार्च ते जून आ वासून उभा आहे. हा लेख तुमच्यासाठी आणि घरात तुमचं सगळं बघणाऱ्या माणसासाठी आहे.

डिस्चार्जच्या दिवशी "पाणी भरपूर प्या" हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते अर्धंच आहे. लहान आतड्याचा स्टोमा (मळ बाहेर येण्यासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असलेल्या माणसाने नुसतं पाणी पोटभर प्यायलं तर तो आणखी कोरडा पडू शकतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं मिळून दिवसाला सुमारे सात लिटर द्रव पोटात उतरतो. आपण पितो ते वेगळं. यातलं बहुतेक लहान आतडं परत ओढून घेतं आणि उरलेला साधारण दीड लिटर मोठं आतडं शोषतं. आयलिओस्टॉमीत, म्हणजे लहान आतड्याचा असा स्टोमा असताना, मोठं आतडं वाटेतून बाजूला झालेलं असतं. मग तो उरलेला द्रव पिशवीत येतो, आणि येताना मीठ घेऊन येतो: दर लिटरमागे जवळपास सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा.

साधं पाणी ढसाढसा प्यायलं की आतड्याच्या वरच्या भागात शरीरातलं मीठ त्या पाण्यात झिरपतं, मिठामागोमाग पाणीही जातं, आणि सगळं पिशवीत उतरतं. तहान वाढते, माणूस आणखी पाणी पितो, पिशवी आणखी भरते. आतडं जास्त कापलं गेलं असेल तर हे चक्र जास्तच जोरात फिरतं. ते तोडायचा उपाय म्हणजे मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र पोटात जाणं. ग्लुकोज आणि सोडियम (मिठातला मुख्य घटक) जोडीने आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. ओआरएस काम करतं ते यामुळेच.

आता आपल्याकडचा उन्हाळा. "विदर्भात पंचेचाळीस असतं, आपल्याकडे काय, छत्तीस-सदतीस" असं म्हणून सोडून देऊ नका. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून होतो, तर किनारपट्टीवर हवामान खातं ३७ अंशांपासूनच करतं. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार होत नाही आणि मीठ मात्र जातच राहतं. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की दुपारी पारा एकदम चढतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या माणसांचे जीव गेले, हे नवी मुंबईत कोणी विसरलेलं नाही. ज्याच्या शरीरातून रोज चमचाभर मीठ जादा जातंय, त्याने तर आपली गणती जास्त नाजूक माणसांत करावी.

१. आधी विचारा: माझं नेमकं काय झालंय?

डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं नाव असतं. ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही लागू करू नका.

आयलिओस्टॉमी: स्टोमा बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला खाली, पिशवीत येणारं पातळ. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी.

कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा): स्टोमा बहुधा डाव्या बाजूला, येणारं घट्टसर. मोठ्या आतड्याचा बराच भाग कामावर असतो, त्यामुळे साधं पाणी चालतं आणि रोज ओआरएसची गरज नसते. इथे उन्हाळ्यातला त्रास उलटा असतो: पाणी कमी पडलं की मळ खडा होतो.

स्टोमा बंद करून आतडं जोडलेलं, किंवा मोठ्या आतड्याचा काही भाग काढलेला: पहिले काही आठवडे दिवसातून बऱ्याचदा पातळ होऊ शकतं. तेवढा काळ आयलिओस्टॉमीचे नियम पाळा.

हृदय कमजोर असेल, किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबामुळे मीठ बंद सांगितलं असेल, तर इथले आकडे परस्पर वापरू नका. सर्जन आणि फिजिशियन या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा आणि "रोज किती पाणी, किती मीठ" हे कागदावर लिहून घ्या. एक म्हणतो मीठ बंद, दुसरा म्हणतो मीठ वाढवा, आणि मधल्या मधे पेशंट अडकतो. हे फार घडतं.

२. घरात काय आणून ठेवायचं

- एक किंवा दोन लिटरचा, मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग. दोन घ्या: एक पिशवी रिकामी करायला, एक लघवीला. दोघांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा.
- बरोबर एक लिटरची पाण्याची बाटली. घरातल्या तांब्याचं माप धरू नका, कुठला पाऊण लिटरचा असतो, कुठला सव्वा.
- डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या ओआरएस पुड्या, निदान दहा.
- वजनकाटा, थर्मामीटर, जमल्यास बीपीचं मशीन.
- दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. मोबाइलमध्ये लिहिलेलं आयत्या वेळी सापडत नाही.

३. ओआरएस: पुडी बघून घ्या, पूर्ण ओता

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

पुडीच्या मागे घटक लिहिलेले असतात. एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, डेक्स्ट्रोज १३.५ ग्रॅम. हे चार आकडे जुळले की पुडी बरोबर. फळांच्या चवीची, टेट्रापॅकमधली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. त्यांत साखर खूप आणि सोडियम कमी, त्यामुळे ती पाणी आत घेण्याऐवजी पिशवीत ओढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, पण मेडिकलवाल्याकडे "ओआरएस द्या" म्हटलं की अजूनही गार खोका पुढे येऊ शकतो. म्हणून "पावडरची एक लिटरची पुडी द्या" असंच मागा.

बनवायची रीत:

पाणी उकळून गार करा, किंवा फिल्टरचं घ्या. टँकरचं पाणी येतं अशा सोसायटीत उकळाच. बाटलीत बरोबर एक लिटर भरा. पुडी कोपऱ्यातून कापा, पूर्ण ओता, पुडी उलटी करून टिचकी मारा, तळाशी चिकटलेलं मीठही खाली आलं पाहिजे. झाकण लावून पावडर दिसेनाशी होईपर्यंत हलवा. बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. तयार ओआरएस उकळायचं नाही.

नेहमीचा घोटाळा म्हणजे अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकणं. प्रत्येक वेळी प्रमाण वेगळं होतं. कधी पाणचट, कधी इतकं दाट की त्यानेच जुलाब वाढावेत. पेल्यापुरतं हवं असेल तर २०० मिलिलिटरची छोटी पुडी मिळते, ती घ्या. वरून साखर किंवा ग्लुकोज घालू नका. चव नकोशी वाटते ही तक्रार खरी आहे; त्यासाठी ओआरएस फ्रीजमध्ये खूप गार करा, वर चार थेंब लिंबू पिळा आणि स्ट्रॉने घोट घोट घ्या. बर्फाच्या ट्रेमध्ये त्याचेच खडे करून चोखले तरी चालतात. मळमळत असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

पिशवीतून खूप जात असेल तर काही डॉक्टर जास्त मिठाचं द्रावण सांगतात: एका लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम. हे चवीला चक्क खारट लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच करा, आणि चमच्याने नव्हे, ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजून. रात्री-अपरात्री पुड्या संपल्या तर एका लिटरला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने. हे सकाळी दुकान उघडेपर्यंतच. त्यात सोडियम पुडीपेक्षा कमी असतं.

डायबेटिस असणारे ओआरएसला घाबरतात. लिटरभरात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते दिवसभरात विभागून जातं. साखर मोजत राहा, पण भीतीपोटी ओआरएस बंद करू नका.

४. दिवसाची वाटणी

सर्जनने वेगळा आकडा दिला नसेल तर आयलिओस्टॉमी असलेल्या मोठ्या माणसाने दिवसाला एकूण दोन ते अडीच लिटर द्रव धरावा. त्यात एक लिटर ओआरएस. घामाच्या धारा लागतील अशा दिवशी आणखी अर्धा लिटर, तोही ओआरएसचाच. साधं पाणी, चहा, सरबत, सगळं मिळून लिटरभरात बसवा. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल तर हे लिटरभरही अर्ध्यावर आणा आणि डॉक्टरांना फोन करा.

उठल्या उठल्या एक पेला ओआरएस, सावकाश. नाश्ता. दहा ते एकच्या दरम्यान ओआरएसचा निम्मा लिटर, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पिणं थांबवा. जेवताना पाणी ढोसलं की अन्न न शोषता पुढे ढकललं जातं. दुपारी मीठ घातलेलं ताक. संध्याकाळी उरलेलं ओआरएस. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत थोडंच, नाहीतर रात्री तीनला पिशवी फुगून उठावं लागतं.

एका दमात तांब्याभर पाणी पिण्याची सवय मोडायला वेळ लागतो. बाटलीवर मार्करने तासांच्या रेघा मारून ठेवल्या की घरातल्यांनाही एका नजरेत कळतं, किती मागे पडलोय.

५. वही: किती गेलं, किती घेतलं

पिशवी एक तृतीयांश भरली की मापाच्या मगात रिकामी करा, आकडा बघा, लिहा, मग संडासात ओता. पहिल्या महिन्यात आणि उष्णतेच्या लाटेत हे रोज करायचं. किळस वाटते, पण पुढे डॉक्टरांच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच आकडा ठरतो. "बरंच जातंय" या वाक्यावर औषध ठरत नाही. "काल १८००, परवा १४००" यावर ठरतं.

स्थिरावलेल्या आयलिओस्टॉमीतून २४ तासांत साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर जातं. ऑपरेशननंतर सुरुवातीला याहून जास्त असतं.

लघवी दिवसाला निदान एक लिटर व्हायला हवी, रंग फिकट गवतासारखा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी गर्द पिवळी दिसते, त्यामुळे ती चालू असेल तर रंगावर विसंबू नका, माप बघा.

वजन रोज सकाळी: लघवी करून, पिशवी रिकामी करून, नाश्त्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर उतरलं तर ती चरबी नव्हे, लिटरभर पाणी गेलं.

६. सरबतं, शहाळं, ताक: कशात काय

उन्हाळा आला की प्रत्येक भेटायला येणारा माणूस काहीतरी सुचवतो. प्रेमापोटीच सुचवतो, पण यादी तपासून घ्यावी लागते.

शहाळ्याचं पाणी: सगळ्यांचा पहिला सल्ला. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. तुम्हाला हवं असतं सोडियम. अर्धं शहाळं, त्यात चिमूटभर मीठ, एवढं ठीक. ओआरएसच्या जागी नाही. किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आतली जाड मलई खाऊ नका, स्टोमात अडकू शकते.

ताक: उत्तम. पातळ, लोणी काढलेलं, मीठ नीट घातलेलं. मिरचीचे तुकडे नकोत, जिरेपूड चालेल. दूध-दही सोसत नसेल तर आधी अर्धी वाटी घेऊन बघा.

तांदळाची पेज: आपल्या कोकणातल्या घरांत ही आजाऱ्याची पहिली वाटी, आणि इथे ती खरोखर बरोबर बसते. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज होऊन सुटतो आणि मिठाला आत घ्यायला मदत करतो. मऊ शिजवून, घोटून, मीठ घालून. दुपारी चारला वाटीभर पेज म्हणजे खाणंही आणि पिणंही.

पन्हं, कोकम सरबत: घरचं, कमी साखरेचं, मीठ घातलेलं, दिवसाला एक छोटा पेला. बाटलीतलं तयार सिरप फार गोड असतं. आमसुलाचं खारं सार जास्त बरं. सोलकढी गाळलेली असेल तरच.

उसाचा रस, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस: टाळा. एवढी साखर आतड्यात पाणी खेचते. उसाच्या रसाला बर्फाचा धोका वेगळाच. स्टोमा असताना एक साधं गॅस्ट्रो दोन दिवसांत सलाईनपर्यंत पोचवतं.

चहा-कॉफी दोन छोटे कप, त्याहून जास्त नको. बीअरला या महिन्यांत नाहीच म्हणा.

७. ताटात मीठ

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवणात वरून मीठ घ्या. भाजलेला पापड, खारी बिस्किटं, लोणच्याचा खार. भात, मऊ पोहे, साबुदाणा, बटाटा, पिकलेलं केळं यांनी पिशवीत येणारं जरा दाट होतं. शेवग्याच्या शेंगा, मका, फणस, अननस, शेंगदाणे, ओलं खोबरं, रेषाळ रायवळ आंबा हे पहिले दोन महिने नको. पुढेही थोडं आणि बारीक चावून. हापूसचा रस गाळून अर्धी वाटी चालेल.

उपवासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वटपौर्णिमा ऐन उकाड्यात येते, पुढे आषाढी. निर्जळी उपवास करू नका. तोंडात काही गेलं नाही तरी पाचकरस झरतच असतात आणि पिशवी भरतच राहते. फक्त भरपाई थांबते. साबुदाण्याची पेज, ताक, ओआरएस घेऊन उपवास पाळला तर तो मोडला असं कोणी म्हणणार नाही.

८. घराबाहेर पडताना

सगळ्यात घातक सवय: "बाहेर जायचंय, पिशवी भरेल, म्हणून सकाळपासून काही घेतलंच नाही." पाचकरस झरतच असल्याने पिशवी तशीही भरते, वर तुम्ही कोरडे पडता. पिणं बंद करण्याऐवजी निघण्याच्या दहा मिनिटं आधी पिशवी रिकामी करा.

अकरा ते चार शक्यतो घरात. तपासणीची वेळ सकाळची पहिली मागून घ्या. ठाणे–पनवेल लोकल तासाभराची, पण जिना, फलाट आणि गर्दी धरून दोन तासांची तयारी हवी. घोडबंदर रोडला तर अर्ध्या तासाचा रस्ता कधी दीड तासाचा होईल सांगता येत नाही. पाठपिशवीत अर्धा लिटर गार ओआरएस, खारी बिस्किटं, आधीच कापून ठेवलेल्या पट्टीसह (पिशवी त्वचेला धरून ठेवणारा चिकट भाग) एक जादा पिशवी, ओले टिश्यू, काळ्या प्लास्टिकच्या दोन थैल्या आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा. स्टेशनच्या शौचालयात नळाला पाणी असेलच असं नाही.

जादा पिशव्या स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, चिकटपट्टी मऊ पडून खराब होते. घामाने पट्टी लवकर सुटते, म्हणून या महिन्यांत ती एखादा दिवस आधीच बदला. स्टोमाभोवती टाल्कम पावडर लावू नका, पट्टी धरत नाही.

९. औषधांची यादी पुन्हा दाखवा

उन्हाळ्याच्या तोंडावर फिजिशियनला एवढं विचारा: पाणी कमी पडलं त्या दिवशी यातल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या? लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या डायबेटिसच्या गोळ्या या अंगातलं पाणी कमी असताना किडनीवर किंवा रक्तातल्या आम्लावर भारी पडू शकतात. उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि उलट्या-जुलाब चालू असताना न विचारता तशाच गिळतही राहू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

लोपरामाइड या जुलाबावरच्या गोळीने पिशवीतलं कमी होतं, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. बहुधा जेवणाआधी अर्धा तास देतात. ताप असेल किंवा पोट फुगलं असेल तर न विचारता घेऊ नका. पिशवीत अख्खी गोळी दिसली तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ती शोषलीच गेली नाही.

१०. कधी फोन, कधी थेट हॉस्पिटल

त्याच दिवशी सर्जन किंवा स्टोमा नर्सला फोन: पिशवीतून २४ तासांत दीड लिटरपेक्षा जास्त, लघवी गर्द आणि थोडी, पायात गोळे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला सतत कोरड, वजन किलोभर खाली.

घरी न थांबता हॉस्पिटल: दोन लिटरपेक्षा जास्त गेलं, सहा-आठ तास लघवीच नाही, उलट्यांमुळे ओआरएस टिकत नाही, भ्रम, गुंगी, खूप ताप, पिशवीत रक्त. आणि वेगळी खूण: पिशवीत काहीच येत नाही, पोट डब्ब, कळा येतात. हा अडथळा असू शकतो. अशा वेळी जास्त पाणी किंवा ओआरएस पिऊन "मोकळं करायचा" प्रयत्न करू नका, लगेच निघा. गाडी नसेल तर १०८.

जवळच्या दवाखान्यात एक सलाईन लावून घरी परतायची आपल्याकडे पद्धत आहे. दोन तास बरं वाटतं आणि पिशवी तशीच वाहत राहते. सलाईनबरोबर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायला सांगा.

दाराजवळ तयार ठेवायची फाइल:
- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा तपशील
- शेवटचे रक्ताचे रिपोर्ट
- औषधांची यादी, मात्रेसह
- आधार, रेशन कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड (महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी पहिले दोन लागतात)
- सर्जन आणि वॉर्डचा नंबर
- दोन जादा पिशव्या. रात्री कॅज्युअल्टीत त्या मिळतीलच असं नाही

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "आयलिओस्टॉमी आहे, अमुक तारखेला ऑपरेशन झालं, गेल्या २४ तासांत पिशवीतून एवढं गेलं, लघवी एवढी झाली." आणि वही त्याच पानावर उघडून त्यांच्या हातात द्या.